पांदण, पाणी आणि सायकल : यवतमाळच्या संथ रस्त्यांचा इतिहास

मराठी गद्याच्या आरंभकाळातील एक ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात नावापुरता येतो आणि बहुधा नावापुरताच राहतो. तो म्हणजे महानुभाव पंथातील 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथाचा विषय एका वाक्यात सांगता येतो. श्रीचक्रधर ज्या ज्या गावी गेले, थांबले, बसले, ती स्थाने नेमकी कुठे आहेत, एवढेच त्यात सांगितलेले आहे. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, त्याच्याजवळ आणखी काय, अशी ती नोंद. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त प्रसंगाला आणि संवादाला महत्त्व आहे, 'स्थानपोथी'त जागेला. पंथाच्या आचारधर्मातही 'अटन', म्हणजे फिरत राहणे, ही साधना मानलेली आहे. थोडक्यात, कुठेही लवकर पोहोचायचे नाही आणि जिथे थांबलो ती जागा विसरायची नाही, अशा प्रवासाचे लेखन मराठीत सातशे वर्षांपूर्वी झालेले आहे, आणि त्यातील पुष्कळशी पायवाट वऱ्हाडातली आहे.

हे आठवण्याचे निमित्त मात्र अगदी आजचे आहे. अलीकडे यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावातही रविवारी पहाटे हेल्मेट घालून, बारीक चाकांच्या सायकलींवर निघालेली माणसे दिसतात. त्यांना कामावर जायचे नसते. एखाद्या धरणाच्या भिंतीपर्यंत जायचे, पाण्याकडे बघत चहा प्यायचा, आणि वाहनांची वर्दळ नसलेल्या आडरस्त्याने परतायचे, एवढाच बेत. संथ रस्ता आणि तळ्याचा काठ, ही या नव्या अटनाची दोन सुखे. प्रस्तुत लेखात विचारायचा प्रश्न साधा आहे. यवतमाळ जिल्ह्यात हा संथ रस्ता कोणी, कशासाठी केला? आणि हे तळे इथे कोठून आले?

युरोप-अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर काही अंशी सायकलस्वारांकडेच जाते. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि मध्यमवर्गाला आपल्या पायांच्या बळावर गावाबाहेर पडण्याचे साधन मिळाले. त्याआधीच, १८७८ मध्ये, इंग्लंडात सायकलप्रवाशांची संघटना स्थापन झाली होती. अमेरिकेतील सायकलस्वारांची संघटना १८८० ची. या मंडळींनी पहिली मागणी केली ती चांगल्या रस्त्यांची. मोटार येण्यापूर्वी रस्त्यांसाठी जी चळवळ तिकडे उभी राहिली, तिच्या अग्रभागी सायकलवाले होते. म्हणजे तेथे आधी फिरण्याची हौस आली आणि रस्ता तिच्या मागणीतून सुधारला.

हिंदुस्थानात सायकलवरचे आरंभीचे दीर्घ प्रवास केले ते याच हौसेच्या परंपरेतील पाहुण्यांनी. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दाम्पत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवळे आणि प्राचीन वास्तू पाहत हा देश सायकलने पालथा घातला. चौदा हजार मैलांच्या त्या भ्रमंतीचे त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. परंतु या साऱ्यांनी ज्या रस्त्यांवर चाके फिरवली, ते रस्ते इथे आधीच होते, आणि ते त्यांच्यासाठी झालेले नव्हते.

यवतमाळचा रस्ता कापसाने केला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्यांना दुसरीकडून माल हवा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साम्राज्याचे लक्ष वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. तिचा लोहमार्ग आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला. तेव्हा जिल्ह्यातील रस्त्यांना एकच अर्थ उरला : कापसाने लादलेली बंडी स्टेशनापर्यंत कशी पोहोचेल? यवतमाळहून बाभुळगावमार्गे धामणगावला जाणारा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आज या रस्त्याने सायकल हाकताना चढउतार फारसे अंगावर येत नाहीत. ओझे घेऊन जाणाऱ्या बैलांना झेपेल असाच रस्ता लागत असे, आणि बैलाला जे मानवते ते सायकलस्वारालाही मानवते. दोघांचेही इंजिन अंगातच असते.

या कापसासाठीच पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग आला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी निगडित असलेली ही गाडी लोकांनी 'शकुंतला' या नावाने आपलीशी केली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते. मँचेस्टरला कापूस नेण्यासाठी मँचेस्टरनेच इंजिन पाठवावे, यात साम्राज्याच्या अर्थशास्त्राचा अवघा धडा आहे. ती गाडीही आता थांबली आहे. दारव्ह्याकडे जाताना गवतात बुडालेले तिचे रूळ मोटारीतून दिसेपर्यंत मागे पडतात. सायकलवरून ते दिसतात, आणि उतरून पाहताही येतात. दरम्यान वर्धा ते नांदेड या नव्या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आहे.

मोठ्या रस्त्याला येऊन मिळणारी असते ती पांदण. दोन्हीकडे धुरे, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या, कडेला बाभूळ नि बोर; पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. शेतापासून गावापर्यंतचा रस्ता हाच. कापसाची अर्थव्यवस्था सरकारी कागदांत स्टेशनापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती पांदणीपासून सुरू होते, जिथे वेचणी करून परतणाऱ्या बाईच्या डोक्यावर गाठोडे असते.

या रस्त्यांवर सायकल आली ती हौसेची वस्तू म्हणून फार काळ राहिली नाही. प्रथम परदेशी बनावटीच्या रॅले, हंबर, बीएसए सायकली डॉक्टर, वकील, अधिकारी यांच्या दारात दिसल्या. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर देशी कारखाने उभे राहिले. अ‍ॅटलसचा कारखाना १९५१ चा, हीरोचा १९५६ चा. मग सायकल मास्तरांकडे आली, पोस्टमनकडे आली, ग्रामसेवकाकडे आली. हँडलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून दूधवाला आला. मागे लाकडी पेटी बांधून गारेगारवाला आला. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल द्यायची की नाही, यावर बोलणी अडू लागली. नगरपालिका सायकलवर कर घेई आणि पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला देई. रात्री दिवा नसला की पोलीस अडवी. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने ही पोरांची पहिली मुक्तशाळा होती. सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकलेली एक अख्खी पिढी आज साठीच्या पुढे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये (लेखन १८८३, प्रसिद्धी १९०७) प्रवास पोटासाठी आहे, पण तो प्रवास म्हणून लिहिला गेला, कारण तो दूरचा होता. सायकलवरचे आपल्याकडचे बहुतेक जाणे-येणे जवळचे आणि रोजचे होते. शाळेपर्यंतचे सहा किलोमीटर, बाजारापर्यंतचे बारा. त्याला कोणी प्रवास म्हटले नाही, म्हणून त्याचे प्रवासवर्णनही झाले नाही. मराठीत सायकल पुष्कळ दिसते, पण ती आठवणींत, आत्मचरित्रांत, कथेच्या एखाद्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली दिसते. गरजेने फिरणाऱ्याला वाटेचे वर्णन करण्याची सवड नसते. ज्याला सवड असते, त्याला वाट ज्यांनी केली त्यांची माहिती नसते. यवतमाळच्या रस्त्यांवर ही दोन माणसे एकमेकांना रोज ओलांडून जातात.

आता तळ्याकडे वळू. यवतमाळ जिल्ह्यात वर्धा आणि पैनगंगा या दोन मोठ्या नद्या सीमेवरून वाहतात. आतल्या पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्या पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात ओसरतात. सायकलस्वार ज्या विस्तीर्ण पाण्याकडे जातो, ते जवळजवळ सारे माणसाने अडवलेले आहे. पुसदजवळचे पूस धरण, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभुळगाव तालुक्यात खडक सावंगा गावाजवळचे बेंबळा, पैनगंगेवरचे इसापूर, ही सर्व धरणे गेल्या साठ वर्षांच्या आतली आहेत. आजोबांनी पाहिलेला प्रदेश आणि नातू पाहतो तो प्रदेश, यांत पाण्याचा एवढा फरक आहे.

या पाण्यामागे एक मोठा दुष्काळ उभा आहे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे पुसद तालुक्यातील गहुलीचे. ज्येष्ठ विधिमंडळ सदस्य वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव भागात १९६५ पासून प्रयोगादाखल मांडलेली कल्पना त्या काळात राज्यभर पसरली : काम मागेल त्याला काम द्यावे, आणि त्या कामातून टिकाऊ काहीतरी उभे राहावे. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाचा रोजगार हमी कायदा आला तो २००५ मध्ये. या योजनेतून काय उभे राहिले, याची यादी पाहिली की सायकलस्वाराने क्षणभर थांबावे : पाझर तलाव, नालाबांध, आणि गावांना जोडणारे रस्ते. म्हणजे नेमके तळे आणि नेमका आडरस्ता! मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र हे त्या दुष्काळाचे मुख्य क्षेत्र असले, तरी ही कामांची रीत साऱ्या राज्याची झाली. ज्याला आज 'निवांत ग्रामीण रस्ता' म्हणतात, तो राज्यात कितीतरी ठिकाणी उपाशी माणसांनी खडी फोडून, टोपलीने मुरूम वाहून केलेला आहे. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. हजेरीपत्रकावर त्यांची नावे चढली. रस्त्याच्या कडेला कुठेही लागली नाहीत.

मोठ्या धरणांची गोष्ट आणखी वेगळी. पाझर तलाव गावाला पाणी देतो. मोठे धरण आधी गाव घेते. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला, आणि या बाबतीत तो अग्रेसर राज्यांपैकी होता. तरी कायद्याने गाव हलते, जागा हलत नाही. पुनर्वसित गावाला जुनेच नाव देतात. सरळ रेषेत रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, मध्ये समाजमंदिर. पण मारुतीच्या देवळाचे दार आता कोणत्या दिशेला आहे आणि पूर्वी कोणत्या दिशेला होते, हे वृद्धांखेरीज कोणाला सांगता येत नाही. इसापूरचे पाणी तर बहुतांशी हिंगोली-नांदेडकडच्या शेतांत जाते. एकाची जमीन बुडावी आणि दुसऱ्याची भिजावी, हा धरणाच्या हिशेबाचाच भाग आहे. उन्हाळ्यात जलाशय आटला की काठावरून जुन्या बांधांच्या रेषा, एखादा चौथरा, विहिरीची कड वर येते. रविवारी तेथे फोटो काढणाऱ्याला ती 'सुंदर ओसाडी' वाटते. ते कोणाच्या तरी घराचे जोते असते.

येथे कोणी म्हणेल, की मग फिरूच नये काय? पाण्याकडे पाहून आनंद झाला तर तो अपराध समजावा काय? मुळीच नाही. तळ्याचा काठ सर्वांचा आहे, आणि ज्यांनी तो बांधला त्यांनाही संध्याकाळी तेथे बसावेसे वाटले असेल. प्रश्न आनंदाचा नसून अनभिज्ञतेचा आहे. आणि सायकलला हा प्रश्न विचारावा तो यासाठी, की इतर वाहनांना तो विचारून उपयोग नाही. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणाऱ्याला पाटीवरचे गावाचे नावही पुरते वाचता येत नाही. ताशी बारा-पंधराने जाणाऱ्याला ते वाचता येते, पुढच्या पाटीशी ताडून पाहता येते, आणि पारावर बसलेल्या माणसाला विचारता येते. वेग कमी असणे ही या वाहनाची उणीव आहे असे आपण मानत आलो; वस्तुतः तीच त्याची वाचनशक्ती आहे.

सायकलला या भागात असा जाणता उपयोग यापूर्वी एकदा लाभला आहे. वणीच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि वरोऱ्याचे आनंदवन. तेथून बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात 'भारत जोडो' यात्रा मांडली. कन्याकुमारीहून काश्मीरकडे, सुमारे पाच हजार किलोमीटर, शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर. पाठीच्या विकाराने बाबांना बसवत नसे; ते वाहनात पडून सोबत होते. पुढे दुसरी यात्रा अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओख्यापर्यंत झाली. पंजाब-आसाम धगधगत असण्याच्या त्या काळात सायकल निवडली गेली, कारण सायकलवर आलेला माणूस दारात उभा राहू शकतो. त्याच्याभोवती काच नसते, त्याला घाम आलेला असतो, आणि त्याला पाणी विचारावेच लागते. पाणी विचारले की संभाषण सुरू होते. हौसेचा सायकलप्रवास या यात्रेइतका गंभीर असण्याची गरज नाही. पण पाणी मागण्याची ही रीत त्याला उचलता येईल.

कारण यवतमाळचा आडरस्ता संथ आहे, पण तो सुखवस्तू नाही. हा जिल्हा गेल्या दोन दशकांत देशाला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ओळखीचा झाला. २००६ च्या जुलैत विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन येथील शेतकरी-मजूर दगावले. कडेची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली पाहून हिरवेगार वाटते. त्याच उंचीमुळे फवारा तोंडावर येतो. हे सायकलस्वाराला दिसू शकते, कारण पऱ्हाटी त्याच्याही खांद्याला लागते.

रस्ता निर्जन असण्याचा अर्थही दर वेळी एकच नसतो. राळेगाव परिसरात 'अवनी' या वाघिणीच्या भीतीने गावे सांजेआधी दारे लावून घेत होती; २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीला बळी पडली, आणि त्यावर आजही दोन मते आहेत. त्याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये एक तरुण वाघ निघाला. गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे त्याचा मार्ग उमटत गेला : शेते, नाले, रस्ते, जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, तोवर त्याची चाल सुमारे तीन हजार किलोमीटर झाली होती. त्याला 'वॉकर' म्हणतात. यवतमाळमधून निघालेला अलीकडचा सर्वांत मोठा पदयात्री तोच म्हणायला हवा, आणि तोही हौसेने निघाला नव्हता. त्याला जागा हवी होती.

शेवटी एक दृश्य, जे राज्याच्या मागास तालुक्यांत कुठेही दिसावे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. सकाळी त्या निळ्या-पांढऱ्या गणवेशात तीन-तीनच्या ओळीने जातात, गप्पा मारत, रस्ता अडवत. पूर्वी आठवीनंतर ज्या अंतरापायी शिक्षण संपे, ते अंतर आता त्यांच्या पायाखाली आहे. त्यांचा प्रवास गरजेचा आहे. पण परतताना धरणाच्या भिंतीवर सायकली टेकवून त्या पाच मिनिटे पाण्यात खडे टाकतात, तेव्हा ती निव्वळ सहल असते. गरज आणि हौस यांच्यामधली जी भिंत आपण वर पाहिली, ती या पाच मिनिटांपुरती नसते. यांच्यापैकी कोणी उद्या लिहू लागली, तर मराठीला तिचे सायकलप्रवासवर्णन कदाचित मिळेल.

तोपर्यंत हौशी मंडळींनी एक लहानसे काम करावे. प्रत्येक फेरीत एका जलाशयाच्या काठी एका वृद्धाला विचारावे, की पाण्याखाली कोणते गाव आहे, देऊळ कोणत्या अंगाला होते, दार कुठे उघडत होते, पांदण कोणत्या दिशेने शेताकडे जात होती. आणि घरी येऊन ते तसेच, अलंकार न लावता, लिहून ठेवावे. मुनिव्यासांनी याहून वेगळे काही केले नव्हते.